लोणच्याच्या बरणीखालचा पेपर

माझ्या सासऱ्यांइतका निर्धास्तपणे पेपर वाचणारा माणूस सबंध खानदेशात दुसरा झाला नसेल, यावर मी आजही कोणाशीही पैज लावायला तयार आहे. ज्या मथळ्यांनी भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळे, तेच मथळे आमचे नाना भाजलेले शेंगदाणे खात वाचत. यात धैर्याचा भाग किती आणि पद्धतीचा किती, हे मला बरेच दिवस उलगडलं नव्हतं. पद्धत अशी, की नाना सकाळचा पेपर संध्याकाळी वाचत. सकाळच्या गाडीने जळगावहून पेपर धरणगावला येई, आमच्या ओट्यावर पडे. नाना तो उचलून कपाळाला लावत, न उघडता त्याची चौघडी घालत आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर लोणच्याच्या बरणीखाली सरकवून देत. दिवेलागण होईपर्यंत त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. लोणचं मुरायला महिने लागतात, बातमीला एक दिवस पुरतो, असा त्यांचा हिशेब होता. "कच्ची बातमी पोटले बाधस," एवढं कारण ते सांगत आणि विषय संपवत. बरणीच्या बुडाला तेल असायचंच. त्यामुळे आमच्या घरच्या पेपरात कोणत्याही मोठ्या माणसाचा फोटो आला की त्याच्या कपाळावर संध्याकाळपर्यंत तेलाचं गोल कडं उमटलेलं असे.

मी जळगावची. माझ्या माहेरी चहाचा पहिला घोट आणि पहिला मथळा एकदमच घशाखाली जात. वडील मोठ्याने वाचत आणि आम्ही सगळे सकाळी सातलाच देशाच्या काळजीने काळवंडून आपापल्या कामाला लागत असू. त्यामुळे लग्न होऊन या घरात आल्यावर फळीवरचा तो घडी घातलेला पेपर पाहून माझा जीव दिवसभर वरखाली होई. मी मुळात तिखट तोंडाची. पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंना विचारलं, की पेपर विकत घेतो तो वाचायला की बरणीला बूड द्यायला? त्या हसल्या आणि त्यांनी मला नानांच्या धाकट्या भावाची हकीकत सांगितली. हे धाकटे काका कधीतरी नाशकाहून यायला निघाले होते आणि त्याच दिवशी सकाळी पेपरात त्या रस्त्यावर बस उलटल्याची बातमी आली. मग काय विचारता. घरात रडारड, पारोळ्याच्या आत्या आल्या, शेजारणींनी चूल विझवली. संध्याकाळी काका जिलबीचा पुडा हातात घेऊन दारात उभे. जिलबीपायीच त्यांची ती गाडी चुकली होती. दारात एवढी माणसं रडताना पाहून त्यांनीही पुडा खाली ठेवला, भिंतीला डोकं टेकलं आणि गळा काढला. पोटभर रडून झाल्यावर त्यांनी नानांना हळूच विचारलं, "भाऊ, कोन गया?" त्या दिवसापासून पेपर बरणीखाली जाऊ लागला.

नानांचं पेपर वाचणं म्हणजे ओट्यावरची एक सुनावणीच असे. दिवे लागले की शेतातून आलेले, दुकानं आवरलेले, गल्लीतले चारजण जमत. हे सगळे सकाळीच न्हाव्याच्या दुकानात पेपर वाचून बसलेले असत, पण नानांच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांना ती बातमी पचत नसे. नाना चष्मा चढवून मथळा वाचत आणि मग आरोपीकडे पाहावं तसे पेपराकडे पाहत. एकदा कोण्या ज्योतिष्याच्या हवाल्याने बातमी होती, की आज दुपारी चारला प्रलय येऊन जगाचा शेवट होणार. नानांनी ती शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली, चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "चारले जग बुडनार व्हतं. बुडनं का?" कोणीतरी गंभीरपणे 'नही' म्हणालं. नाना पुढच्या मथळ्याकडे वळले. महागाई भडकणार असं छापून आलं की ते आतल्या बाजूला मान वळवून मला विचारत, घरात मीठ शे का. मी आहे म्हटलं की म्हणत, मग भडकू दे. 'हवामान कोरडे राहील' हे त्यांनी एकदा डोक्यावरची ओली टोपी पिळत वाचलं होतं. चांगली बातमी मात्र ते कधी तपासत नसत. कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुठल्या खेड्यात पहिल्यांदा वीज आली, असलं काही दिसलं की ते दोनदा वाचत, आणि दुसऱ्यांदा वाचताना आवाज असा चढवत की जणू विहीर त्यांनीच खणली.

यावरून कोणी समजेल की नाना नुसते थट्टेखोर होते, तर तसं नाही. एखादी वाईट बातमी संध्याकाळपर्यंतही खरीच राहिली, तर ते पेपर तिथेच मिटत. जवळच्या एका वाडीत झोपड्या जळाल्याचं असंच एकदा छापून आलं होतं आणि ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच नानांनी गाडी जुंपली, ज्वारीची पोती टाकली आणि घरात कोणाला न विचारता निघून गेले. परत आल्यावर त्यांनी बैल सोडले आणि जेवायला बसले. सासूबाईंनी कोठीतली कमी झालेली ज्वारी पाहिली आणि कोठीचं झाकण लावून टाकलं.

आता त्या दिवसाकडे येते. माझी नणंद सुमनअक्का माझ्या नवऱ्यापेक्षा मोठी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, तिशीला टेकलेली. माझ्यासाठी भावाला ताटकळत ठेवू नका, असं तिनंच हट्टाने सांगितल्यामुळे माझं लग्न आधी झालं होतं. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त तिचं नशीब असं, की दोनदा पाहुणे यायचं ठरलं आणि दोन्ही वेळा आले नाहीत. एकांना वाटेत दुसरं स्थळ भेटलं, दुसऱ्यांनी निरोपही धाडला नाही. आमच्याकडे पाहुण्यांना भरीत-पुरीचं जेवण करायची रीत. पाहुणे न आल्यामुळे ते पातेलंभर भरीत गल्लीत वाटावं लागलं, आणि वाटायला अक्काच गेली. प्रत्येक दारात तिला विचारलं गेलं, की बाई, का नाही आले? तिसऱ्यांदा पिंपळनेरचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायचा. आई-वडिलांसोबत सकाळी निघून अकरापर्यंत येतो, असा निरोप होता. त्या दिवशी पहाटे वांगी धुताना अक्का मला म्हणाली, "यावेळी कोणी आलं नाही ना, तर पुन्हा माझ्यासाठी चूल पेटवायची नाही. मला नोकरी आहे, मी सुखी आहे. पण ते भरीत वाटत फिरणं आता मला जमणार नाही." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मी घाबरले. अक्का बोलली की ते कोरल्यासारखं असे.

थंडीचे दिवस होते. अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला लागली, धूर गल्लीभर पसरला. इतक्यात शेजारच्या काकूंनी मला हाताने खुणावलं. मी त्यांच्याकडे गेले तर त्यांनी पेपरच पुढे धरला. वर हे मोठ्ठं छापलेलं: आज जिल्हा बंद, रस्त्यावर चिटपाखरू फिरकणार नाही, चौफुलीवर वाहने रोखणार. त्याच्या शेजारी: अवकाळी पाऊस व गारपिटीचा इशारा. त्याच्या खाली: शिवारात बिबट्या, ग्रामस्थ भयभीत. एकाच दिवसाच्या एकाच पानावर एवढं सगळं पाहून मला वाटलं, हे पान आमच्याच घरावर सूड घ्यायला छापलंय. काकू म्हणाल्या, आता कशाला पुऱ्या लाटता, पोरीचं हसं होईल. बंदमुळे पाहुणे येणार नाहीत असं आत्ताच सगळ्यांना सांगून टाका, म्हणजे कोणाचाच दोष नाही. सल्ला चांगला होता. सासूबाईंना पटला, मला पटला, माझ्या नवऱ्यालाही पटला. प्रश्न इतकाच होता की नानांना सांगायचं कोणी.

सून म्हणून ते माझ्यावरच आलं. नाना कोट-टोपी घालून ओट्यावर बसले होते. मी पेपरचा नुसता 'पे' उच्चारला आणि त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणाले, सांजले. मी म्हटलं, नाना, निदान समोर तरी पाहा, सगळी दुकानं बंद आहेत. त्यांनी समोर पाहिलं. पानवाल्याचं, किराण्याचं, न्हाव्याचं, सगळ्यांची दारं लागलेली. नाना मोठ्या समाधानाने म्हणाले, की आपल्याकडे पाहुणे येणार म्हणून गल्लीने सुट्टी घेतलेली दिसते, माणसं चांगली आहेत. कपाळ माझं. मी आत गेले आणि भरीत रगडायला बसले. लाकडी बडगीत वांगी-मिरच्या ठेचताना मी त्या दिवशी जो जोर लावला, त्यात निम्मा वाटा सासऱ्यांच्या नावाचा होता.

अकरा वाजून गेले, बारा गेले. नवऱ्याला स्टँडवर पाहायला पाठवलं. तो येऊन म्हणाला, एकही गाडी नाही, फलाटावर शेळ्या बसल्यात. सासूबाईंनी पुरीचं पीठ तीनदा मळलं, कारण नानांनी बजावलं होतं की पाहुणे दारात आल्याशिवाय तेलात पुरी सोडायची नाही, गार पुरी म्हणजे अपमान. दीड वाजला, दोन झाले. शेजारणी एकेक करून सांत्वनाला येऊ लागल्या. अजून काही घडलंही नव्हतं आणि त्यांचे चेहरे घडून गेल्यासारखे होते. अक्काने आत जाऊन नवी साडी सोडली, घरातलं जुनं लुगडं नेसली, आणि मागच्या मोरीवर पातेली घासायला बसली. तिने सगळी पातेली घासली. मग हात न पुसताच ती स्वयंपाकघरात आली, बरणी उचलली, पेपर काढला आणि ओट्यावर नानांच्या मांडीवर नेऊन ठेवला.

"नाना, वाचा," ती म्हणाली. "वाचून टाका म्हणजे सगळ्यांची सुटका होईल."

मी दाराआडून पाहत होते. नानांनी पेपर हातात घेतला. घडीत बोट घातलं. आणि तो पेपर वाजायला लागला, अगदी बारीक, कारण नानांचे हात थरथरत होते. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की हा माणूस निर्धास्त वगैरे काही नाही. आमच्यासारखाच तोही घाबरतो, जरा जास्तच घाबरतो. म्हणून तर त्याने दिवसभर स्वतःला लोणच्याच्या बरणीखाली दडपून ठेवायची सवय लावून घेतली होती. सकाळपासून त्यांच्यावर केलेला माझा सगळा राग त्या थरथरीत विरघळला, आणि मला रडू आलं ते वेगळंच. नानांनी घडीतून बोट काढून घेतलं. पेपर बाजूला ठेवला, लेकीकडे वर पाहिलं.

"पोरी, सकायनी बातमी शे ती," ते म्हणाले. "दिन आजून बाकी शे."

अक्का परत मोरीकडे गेली आणि घासलेली पातेली पुन्हा घासायला लागली.

त्यानंतर फार वेळ गेला नसेल. गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला आणि कापसाने शिगोशीग भरलेला एक ट्रक, दोन्हीकडच्या पन्हाळी खरवडत, आमच्या दारापर्यंत आला. वरच्या कापसात माणसं बसलेली. त्यांतल्या काहींच्या हातात झेंडे. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. ट्रकच्या पुढच्या भागातून एक बाई उतरल्या, वरून एक म्हातारे गृहस्थ घसरत खाली आले, आणि त्यांच्यामागे एक उंच माणूस उतरला. त्याचे केस पांढरे, मिशा पांढऱ्या, भुवयासुद्धा पांढऱ्या. नाना कोट सावरत पुढे झाले. ही पिंपळनेरची मंडळी होती.

हळूहळू उलगडा झाला तो असा. पिंपळनेरला पेपर पोचतो दुपारच्या गाडीने. त्यामुळे ही मंडळी बिचारी काहीही न वाचता पहाटेच निघाली. धुळ्यापर्यंत गाडी मिळाली, अमळनेरपर्यंत कशीबशी पोचली, आणि तिथून पुढे सगळं ठप्प. मग सरकी काढायच्या जिनात कापूस घेऊन निघालेला हा ट्रक भेटला. ड्रायव्हर रात्रभर गाडीतच झोपलेला, त्यानेही पेपर पाहिला नव्हता. मुलाचे वडील सांगत होते की जन्मात इतका मोकळा रस्ता त्यांनी पाहिला नाही, कारण पेपर वाचलेले सगळे लोक घरात बसले होते. चौफुलीवर वाहनं अडवायला म्हणून काही कार्यकर्ते होते खरे, पण अडवायला वाहनच न आल्यामुळे ते सकाळपासून पत्ते खेळून कंटाळले होते. ट्रक दिसल्यावर त्यांनी तो रीतसर अडवला, घोषणा दिल्या, आणि मग विचारलं की धरणगावपर्यंत सोडाल का, घरी जायला गाडी नाही. तेच हे झेंडेवाले. बिबट्याही त्यांना भेटला होता. रस्त्याचं डांबरीकरण चाललंय तिथलं एक पिवळं कुत्रं होतं, अंगभर डांबराचे ठिपके उडालेलं. मुलाने त्याला आपल्या शिदोरीतली अर्धी भाकरी घातली होती. आणि गारपिटीचं म्हणाल, तर अंगणात असं लख्ख ऊन पडलं होतं की त्यात पापड वाळले असते.

ही गडबड ऐकून अक्का मागून दारात आली. तशीच, जुन्या लुगड्यात, हाताला राख. समोर तो कापसाने पिकलेला चित्रकलेचा मास्तर उभा. आणि आमची गंभीर अक्का, जिच्या शाळेत पोरं श्वासही विचारून घेत, ती एकदम खळखळून हसली. दाखवायच्या मुलीने पाहुण्यांसमोर मान वर करायची नसते, आणि ही तर पोट धरून हसत होती. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, एवढं करून आलेलं स्थळ आता या हसण्यावर जाणार. त्या माणसाने मिशीवरचा कापूस बोटाने चाचपला, अक्काकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाला, "म्हातारपणी मी कसा दिसेन ते आधीच पाहून घेतलंत. आता नकार द्यायचा असेल तर द्या, मी नावं ठेवणार नाही."

नकार द्यायला तिथे कोण तयार होतं. नानांनी आत ओरडून पुऱ्या सोडायला सांगितलं. पाहुणे, ड्रायव्हर, झेंडेवाले, दारात जमलेल्या शेजारणी, सगळे एकाच पंगतीला बसले. सकाळी सल्ला देणाऱ्या काकू मीच भाजलं असल्याच्या ऐटीत भरीत वाढत होत्या. पातेल्यात वाटायला काही उरलं नाही. जेवणं झाल्यावर मुलगा आणि अक्का शेवग्याखाली उभे राहून बराच वेळ बोलले. काय बोलले ते अक्काने मला कधी सांगितलं नाही, पण आत आली तेव्हा तिने स्वतःहून मान हलवली. त्याच ओट्यावर सुपारी फुटली, आणि बाहेरगावचे नातेवाईक हजर नसल्यामुळे साक्षीला झेंडेवालेच बसले. तो ट्रक जिनात कापूस उतरवून परत आला आणि पाहुणे त्यातूनच अमळनेरला निघाले. वाटेत खायला म्हणून सासूबाईंनी उरलेल्या पुऱ्या दिल्या. घाईत त्यांच्या हाताला जो कागद लागला त्यात त्यांनी त्या बांधल्या, आणि तो ओट्यावर पडलेला त्या दिवसाचा पेपर होता. नानांनी पाहिलं, पण अडवलं नाही.

दिवे लागले तशी गल्लीतली मंडळी सुनावणीला आली. पेपर कुठंय म्हणून विचारलं, तर नाना म्हणाले, पिंपळनेरला गेला. सगळे हसले, नानांच्या पाठीवर थापा मारल्या, आणि आपापल्या घरी गेले. नाना एकटेच ओट्यावर बसून राहिले. मला वाटलं, हा माणूस आता आनंदाने नाचेल. सकाळपासून सगळ्या गल्लीविरुद्ध, सगळ्या छापील अक्षरांविरुद्ध तो एकटा बसला होता आणि जिंकला होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, म्हटलं, नाना, तुमचंच खरं झालं, आले की नाही पाहुणे. त्यांनी तांब्या घेतला, पण प्यायले नाहीत. रस्त्यावर ट्रकमधून सांडलेला कापूस वाऱ्याने इकडून तिकडे सरकत होता, त्याकडे पाहत होते.

"उनात तं," ते म्हणाले. "आते लई बी जातीन."

आले खरे, पण आता लेकीला घेऊनही जातील, हे त्यांना आताच दिसत होतं. नानांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि अक्काही पिंपळनेरला नातवंडांत रमली आहे. त्या संध्याकाळी मात्र आतून अक्काची हाक आली, "नाना, जेवाले चला." नानांना ती ऐकू आली होती. त्यांची मान किंचित वळलेली मी पाहिली. तरी ते हलले नाहीत, तसेच अंधारात बसून राहिले, तिने आणखी एकदा हाक मारावी म्हणून.